बिनबुरख्याचा आकडा

डूख धरलेलं माणूस आरडाओरडा करत नाही, उलट एकदम गोड वागायला लागतं. अजरा शेख गेले चौदा महिने इतकी गोड वागत होती की नानासरांनी 'आदर्श कर्मचारी' पुरस्कारासाठी तिचं नाव सुचवलं होतं. सुचवलं तिचं आणि दिला शिवराजला, हा भाग वेगळा.

गारखेड्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या मागं, कॅन्टीनच्या पलीकडं, सौरऊर्जा संशोधन केंद्र नावाच्या दोन खोल्या आहेत. एकीत नानासर बसतात, दुसरीत यंत्रं आणि माणसं. डॉ. नानासाहेब तांगडे मूळचे पाचोडचे, घरी मोसंबीच्या बागा, अंगानं भारदस्त, मनानं मोकळे. कुणाच्या घरी दुखलं-खुपलं तर गाडी काढून जाणारे. अशा माणसाचा द्वेष करणं अवघड असतं. अजरानं ते चिकाटीनं जमवलं होतं. शिवराज त्यांच्या हाताखाली पीएचडी करायचा आणि सरांनी तोंड उघडण्याआधीच त्यांच्या विनोदाला हसायचा. अजरा एम.एस्सी. झालेली, पण हुद्द्यानं प्रयोगशाळा सहायक. सेल मोजायचं यंत्र तिच्या ताब्यात. त्या यंत्रात उन्हासारखा उजेड पाडणारा एक दिवा होता, त्याला सगळे 'सूर्य' म्हणायचे. "अजरा, सूर्य लाव," असं कुणी म्हणालं की ती बटण दाबायची.

सोलर सेलचं दुखणं असं की अंगावर पडलेला सगळा उजेड तो खात नाही. थोडा वरूनच परततो, थोडा आरपार निघून जातो. तो आत कोंडून चार-दोन वेळा इकडून तिकडं फिरवला, तर तेवढ्याच सेलमधून जास्त वीज निघते. म्हणून जगभरची शहाणी माणसं सेलवर डोळ्यांना न दिसणारे खड्डे आणि डोंगर कोरत बसलीत. ते कोरायची यंत्रं या केंद्राला बापजन्मी परवडली नसती.

अजराला वाट सापडली ती घरात, लोणच्याच्या बरणीवर. तिचा धाकटा भाऊ जावेद चिकलठाण्याला डाय, म्हणजे पोलादी साचे, बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये स्पार्क मशिनवर काम करतो. हे मशीन बारीक ठिणग्यांनी पोलाद कुरतडतं. रिजेक्ट झालेला एक तुकडा त्यानं घरी आणला होता आणि अम्मीनं तो बरणीवर वजन म्हणून ठेवला होता. बरणी उन्हात होती, पण तुकड्याचा कुरतडलेला भाग चमकत नव्हता. उजेड त्याच्यात जिरत होता. अजरानं तो पुसून केंद्रात नेला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. एकात एक घुसलेले लाखो खड्डे! त्या पोलादावर तिनं पारदर्शक राळ ओतली, दाबली, सुकवून सोलून काढली. पोळीच्या पापुद्र्यासारखी फिल्म निघाली. ती तिनं सेलवर चिकटवली. हे तिचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी पूर्ण तिचं होतं.

गेल्या वर्षीच्या मार्चमधली गोष्ट. सगळे यंत्राभोवती जमले, अजरानं सूर्य लावला आणि पडद्यावर आकडा आला, एकवीस पूर्णांक चार. म्हणजे पडलेल्या उजेडातल्या एकवीस टक्क्यांहून जास्त उजेडाची वीज झाली. साध्या सेलचा आकडा सतरा होता. नानासरांनी शिवराजला मिठी मारली. मिठी शिवराजला का, हे त्या क्षणी कुणी विचारलं नाही, अजरानंसुद्धा नाही. तिला वेगळीच शंका आली होती.

फिल्म पंजाएवढी होती आणि तिच्याखालचा सेल एक सेंटिमीटरचा चौकोन. फिल्मचा स्वभावच उजेड आत धरून आडवा पळवायचा. म्हणजे चौकोनाबाहेर पडलेला उजेडही ती ओढून सेलला पाजत असणार. शेजाऱ्याच्या पत्र्यावरचं पाणी आपल्या हंड्यात यावं आणि आपण म्हणावं, आमच्याच घरावर पाऊस जास्त, त्यातली गत. याला इलाज एकच: मधे एक सेंटिमीटरचा चौकोन उघडा ठेवलेली काळी पट्टी फिल्मवर ठेवायची आणि मग मोजायचं.

"सर, हे मास्क न लावता मोजलंय," ती म्हणाली. "आजूबाजूचा उजेड आत येतोय. मास्क लावून परत मोजूया."

"मास्क म्हंजे?"

"काळी पट्टी सर," शिवराजनं सांगितलं. "अख्खं झाकायचं, फक्त मधलं एवढंसं उघडं."

"म्हंजे बुरखाच की रं!" नानासर मोठ्यानं हसले. "अजराबाई, लई दिवसानं आपल्या सेलचं रूप उजळलंय. त्याला तरी बुरखा नका घालू!"

खोली हसून हसून लोटपोट झाली. दाराच्या मागं खुंटीवर अजराचा बुरखा लटकत होता. रोशन गेटपासून स्कूटीवर येताना ती तो घालायची आणि आल्यावर तिथं अडकवायची. चार वर्षांत त्याच्याकडं कुणी बघितलं नव्हतं. आता सगळ्यांनी बघितलं.

आठवड्यानं तिनं पुन्हा धीर केला. सरांच्या खोलीत एकटीनं जाऊन, कागदावर आकृती काढून, बाण दाखवून समजावलं. नानासरांनी तिचं अर्धं ऐकलं, खुर्ची मागं रेलली आणि उघड्या दारातून ओरडले, "शिवराज! अजराचा बुरखा आला रे परत!" बाहेर पुन्हा तेच हसू. अजरानं कागदाची घडी घातली आणि म्हणाली, "बरं सर." त्या दोन शब्दांत तिनं मनाशी जे ठरवलं, ते सरांना ऐकू आलं असतं तर त्यांनी तिथंच तिचे पाय धरले असते. तिसऱ्यांदा ती सांगणार नव्हती. हा माणूस चार लोकांत तोंडावर पडेल आणि ते ती पहिल्या रांगेत बसून बघेल.

पुढचे महिने तिला सोपे गेले, असं म्हटलं तर लोक तिला वाईट म्हणतील. पण ते खरंच सोपे गेले. मनात सूड असला की कंटाळा येत नाही. केंद्रात मास्कला 'बुरखा' हे नाव पडलं, तिच्या टेबलाला 'बुरखा डिपार्टमेंट'. ती हसायची. संशोधनाचा निबंध छापून आला. लेखक दोन, नानासाहेब आणि शिवराज. तळाला 'केंद्रातील कर्मचाऱ्यांचे आभार' होते. तिनं पेढा घेतला आणि "अजून एक देता का?" विचारलं. पाचोडला भर बाजाराच्या दिवशी सरांचा सत्कार झाला. "आपल्या गावच्या लेकरानं सूर्य कोंडून दाखवला!" सूत्रसंचालक ओरडला तेव्हा सगळ्यांत जास्त वेळ टाळ्या अजरानं वाजवल्या. चढा, सर, आणखी वर चढा, ती मनात म्हणत होती. दुसऱ्या मजल्यावरून पडण्यात काय मजा आहे?

पण ती नुसती वाट बघत बसली नव्हती. जावेदकडून तिनं पितळी पत्र्याचा मास्क कापून घेतला, मधे नेमका एक सेंटिमीटरचा चौकोन. वरून चमक नसलेला काळा रंग मारला. दर शनिवारी दुपारी केंद्र लवकर सुटायचं, तेव्हा ती मागं थांबून मोजायची. आधी साधा सेल, मग फिल्मचा, दोन्ही मास्क लावून. साधा सोळा पूर्णांक नऊ, फिल्मचा अठरा. चार टक्क्यांची उडी खोटी होती, पण एक पूर्णांक एकची वाढ खरी होती आणि बरणीवरच्या पोलादातून एवढी निघणं हे खायचं काम नाही. ती तारीख घालून रजिस्टरमध्ये लिहायची. सोमवारी मात्र सर म्हणतील तसा बिनबुरख्याचा आकडा काढून द्यायची. नोव्हेंबरात मोठ्या प्रकल्पासाठी दाव्याचा अर्ज गेला, त्यातही तोच एकवीस पूर्णांक चार.

जावेदला हे कळलं तेव्हा तो जेवता जेवता थांबला.

"आपा, वो सर गिरेंगे तो तेरी फिल्म बी गिरेगी ना साथ में?"

"नक्को फिकर कर," अजरा म्हणाली. "मेरे पास सब लिखा हुआ है. वो गिरेंगे, फिर मैं रजिस्टर निकालूँगी. फिल्म भी बचेगी, नाम भी मेरा होगा."

"और किसी ने पूछा तो, के तू अब तक चुप कायकू बैठी?"

"कोई नहीं पूछेगा," ती म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी भात वाढला.

तपासणी मे महिन्यात आली. पुण्याच्या एका प्रयोगशाळेतून संध्या मॅडम येणार होत्या. त्यांनी दाव्यावर शिक्कामोर्तब केलं की मोठा प्रकल्प केंद्राचा. संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब शाल-नारळ घेऊन सकाळपासून हजर होते. दारात रांगोळी, आत दोन कूलर. अजरानं त्या दिवशी नवीन सलवार-कमीज घातली होती, ईदला शिवलेली. लग्नघरात नवरीकडच्यांना असते तशी तिची लगबग चालली होती.

संध्या मॅडम पन्नाशीच्या, बारीक, चहाला नको म्हणणाऱ्या. त्यांनी यंत्र तपासलं, सेल बघितला आणि हात पुढं केला. "मास्क?"

शिवराज सवयीनं फिस्सकन हसला. "आम्ही त्याला बुरखा म्हणतो मॅडम."

"काय म्हणता?"

शिवराजनं चष्मा पुसायला काढला. मॅडमनी आपल्याच पेटीतून मास्क काढून फिल्मवर ठेवला. "लावा दिवा."

अजरानं सूर्य लावला. पडद्याकडं तिनं बघितलंच नाही; तिथं काय येणार ते तिला पाठ होतं. ती नानासरांच्या चेहऱ्याकडं बघत होती. आधी त्यावर हसू होतं. मग हसू तसंच राहिलं आणि त्याच्या आतला माणूस निघून गेला. कपाळावर घाम आला. "यंत्र बिघडलंय का बघ गं," ते म्हणाले आणि आवाज चिरकला. मॅडमनी पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा अठरा. तात्यासाहेबांनी मांडीवरची शाल हळूच पिशवीत सरकवली. चौदा महिने ती या एका मिनिटासाठी जगली होती आणि मिनिट अगदी तिनं योजलं तसंच निघालं. तिनं ते पुरतं चाखलं.

"सर, तुम्ही एका सेंटिमीटरच्या सेलला पंजाभर फिल्मचा उजेड पाजून मोजलंय," संध्या मॅडम म्हणाल्या. "ही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याची चूक आहे. दावा नामंजूर. आणि ज्या केंद्राचे आकडे असे, त्याच्या फिल्मबद्दल मी एका मोजणीवरून चांगलं-वाईट काहीच लिहू शकत नाही. विषय इथंच बंद करते." त्यांनी पेन उघडलं.

"मॅडम, थांबा," अजरा म्हणाली आणि खणातून रजिस्टर काढून त्यांच्यापुढं ठेवलं.

मॅडमनी पानं उलटली. एक, दोन, दहा. साधा सेल, फिल्मचा सेल, मास्क, तापमान, तारीख. मग त्यांचा चेहरा पहिल्यांदा सैलावला. "दर वेळी एक पूर्णांक एक. ही फिल्म काम करते की! हे कुणी केलं?"

"मी केलं. फिल्मही माझीच आहे." हे वाक्य अजरानं आरशासमोर कितीदा म्हणून बघितलं होतं. नानासर तिच्याकडं बघत राहिले. शिवराज जमिनीकडं.

"फार सुंदर काम आहे," मॅडम म्हणाल्या आणि पुन्हा पहिल्या पानावर आल्या. तिथं त्यांचं बोट थांबलं. "पहिली नोंद गेल्या वर्षीच्या मार्चची आहे."

"हो."

"दाव्याचा अर्ज नोव्हेंबरचा. त्यातला एकवीस पूर्णांक चार कुणी मोजला?"

जावेद ताटावर बसून जे बोलला होता ते तिला आत्ता ऐकू आलं.

"मीच."

"म्हणजे अर्ज गेला तेव्हा तो आकडा खोटा आहे हे तुम्हाला आठ महिने माहीत होतं. तरी तुम्ही मोजून दिलात."

"मी सांगितलं होतं मॅडम. दोनदा सांगितलं."

"मग तिसऱ्यांदा का नाही? आमच्या प्रयोगशाळेला पत्र का नाही टाकलंत? का गप्प बसलात?"

सगळे बघत होते. पळवाट होती, भीती वाटली, नोकरी जाईल वाटलं, काहीही म्हणता आलं असतं. पण अजराला या घटकेला खोटं बोलावंसं वाटेना. चौदा महिने पोटात ठेवलेलं तिला एकदा बाहेर हवंच होतं.

"कारण हे सगळे मला हसले होते. मी मास्क लावा म्हटलं तर सर म्हणाले, सेलला बुरखा नका घालू. माझा बुरखा तिथं टांगलेला होता आणि सगळे त्याच्याकडं बघून हसले. मला सरांना असंच चार लोकांत पडलेलं बघायचं होतं. म्हणून गप्प बसले."

नानासरांनी भुवया जवळ आणल्या. ते आठवत होते. अगदी प्रामाणिकपणे, कपाळाला आठ्या घालून आठवत होते.

"मी म्हणालो असं?" त्यांनी शिवराजला विचारलं. "कधी रं?"

शिवराजनं मान हलवली. "नाय सर. मला तर काही आठवत नाय."

तो खोटं बोलत नव्हता, हे अजराला त्याच्या तोंडावरून कळलं. चौदा महिने ती ज्या आगीवर हात शेकत होती, ती यांच्याकडं कधी पेटलीच नव्हती. त्यांनी ती चेष्टा चहाच्या कपासारखी विसळून टाकली होती, नाव तेवढं तोंडात राहिलं होतं.

"म्हणालो असेन गं, चेष्टेत," नानासर म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "पण तू हे एवढं मनात धरून बसलीस? पोरी, एकदा येऊन भांडायचं होतंस. मी काय खाल्लं असतं तुला?"

भांडायला हवं होतं, हे खरं. आणि भांडली असती तर बाहेर पुन्हा हसू फुटलं असतं, हेही तितकंच खरं.

संध्या मॅडमनी लॅपटॉप उघडला. त्या अजराकडं न बघता बोलत होत्या, बहुतेक बघवत नसावं. "फिल्म मी पुढं पाठवते आहे. केंद्राच्या नावानं. मास्क लावून, नव्यानं, आमच्याकडं मोजली जाईल. सरांची चूक आहे, मोठी आहे, पण चूक आहे. ती दुरुस्त होते. तुमचं मात्र मला चूक म्हणून लिहिता येत नाही. माहीत असून दिलेल्या आकड्याला वेगळा रकाना असतो."

नानासरांच्या तोंडावर रंग परत येऊ लागला होता. "एक पूर्णांक एक म्हंजे काही कमी नाय, अध्यक्षसाहेब," ते तात्यासाहेबांना हळूच म्हणाले. "फिल्म तर आपली चालतीच की."

"व्हय का?" तात्यासाहेबांनी पिशवीकडं बघितलं. "मग पेढे वाटायचे का नाय? उन्हानं खराब व्हतील."

कुणीतरी पेढ्यांचा पुडा उघडला. अजरा अजून यंत्रापाशीच उभी होती. सर पडले ते तिनं बघितलं होतं, आणि आता तिच्याच रजिस्टरचा हात धरून ते उठतानाही बघत होती. तिचा राग कुठं गेला नव्हता. फक्त तो आता कुणावर काढायचा, ते तिला कळत नव्हतं.

प्रिंटरमधून पान बाहेर आलं. मॅडमनी ते टेबलावर सरकवलं आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. अजरानं वर वाचलं: फिल्मचा तपशील, मग अर्जात होती तशीच नावं, संशोधक डॉ. नानासाहेब तांगडे, सहसंशोधक शिवराज. तिच्या फिल्मच्या कुठल्याही कागदावर आजवर तिचं नाव आलं नव्हतं. या पानावर, 'सदोष मोजमापास जबाबदार' या शब्दांपुढं, तिच्यासाठी जागा मोकळी सोडली होती.

तिनं 'अजरा' लिहिलं.

"पूर्ण नाव लिहा," मॅडम म्हणाल्या.

तिनं पूर्ण नाव लिहिलं.